सलोख्याचा रस्सा

चीनमधल्या बुलेट ट्रेनला नावं असतात, आणि सरकारच्या मनात त्या घडीला काय घोळतंय ते त्या नावांवरून कळतं. २००७ साली वेगवान गाड्या सुरू झाल्या तेव्हा पांढऱ्या डब्यांवर ‘हश्ये’ असं लिहिलेलं असायचं. हश्ये म्हणजे सलोखा. भांडणतंटा नाही, सगळं जुळून आलेलं. पुढं २०१७च्या जूनमध्ये बीजिंग-शांघाय मार्गावर नव्या पिढीची गाडी आली, तिचं नाव ठेवलं ‘फूशिंग’, म्हणजे पुनरुत्थान. सलोख्याच्या गाड्या अजून धावतात, पण नव्या गाड्यांवर पुनरुत्थानच लिहिलेलं दिसतं. दोन्ही प्रकारच्या गाड्या बनवणारा एक मोठा कारखाना शांडोंग प्रांतातल्या चिंगदाओ शहरात आहे.

त्याच चिंगदाओत माझं जाणं-येणं असायचं, पण गाड्यांसाठी नव्हे. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. कास्टिंगला चिकटलेली वाळू झाडून काढणारी शॉट ब्लास्टिंगची यंत्रं चिंगदाओच्या आसपास ढिगानं बनतात, त्यामुळं आमच्या धंद्यातल्या पुष्कळांना ते गाव पाठ आहे. यंत्र बघायचं, ट्रायल घ्यायची, भावावरून घासाघीस करायची, रात्री समुद्रातले नाना जीव पोटात ढकलायचे आणि परतायचं. अशाच एका खेपेला शनिवार-रविवार मोकळा मिळाला. सोबतचे बाजारात गेले. मी आमच्या दुभाषी मुलीला विचारलं, कन्फ्यूशियसचं गाव याच प्रांतात आहे ना? ती म्हणाली, “शू-शू, तिथं शाळेच्या सहली जातात.” शू-शू म्हणजे काका. यंत्रं विकत घ्यायला आलेला काका तिकडं कशाला जातोय, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

छुफू हे तसं लहान गाव. तिथं कन्फ्यूशियसचं देऊळ आहे, त्याच्या वंशजांचा वाडा आहे आणि गावाबाहेर या घराण्याचं स्मशान आहे. स्मशान कसलं, जंगलच ते. जुनाट सायप्रस वृक्ष आणि त्यांच्या बुडख्याशी लाखभर थडगी. अडीच हजार वर्षं एकाच घराण्याची माणसं तिथं पुरली जातात. देवळाच्या मुख्य दालनापुढं दगडी खांब आहेत, त्यांवर ड्रॅगन कोरलेत. सम्राट दर्शनाला यायचा तेव्हा हे खांब रेशमात गुंडाळून ठेवत म्हणे. त्याच्या महालातल्या खांबांपेक्षा हे सरस निघाले तर पंचाईत! सगळी मंडळी या खांबांपुढं फोटो काढतात. मी मात्र खुद्द कन्फ्यूशियसच्या थडग्यापुढच्या शिळेशी जास्त वेळ उभा राहिलो. शिळा मिंग राजवटीतली, पुरुषभर उंचीहून मोठी. ती फुटलेली आहे. तुकडे पुन्हा सांधलेत, पण सांधे उघड दिसतात. एक तडा तर अक्षरांच्या मधून आडवा गेलाय. कास्टिंगला तडा गेला की तो कुठून सुरू झाला हे बघायची आम्हाला सवय असते. हा तडा आतून आलेला नव्हता, घावाचा होता.

तो घाव १९६६च्या नोव्हेंबरमधला. सांस्कृतिक क्रांती ऐन भरात होती, आणि बीजिंगच्या नॉर्मल विद्यापीठातले दोनेकशे रेड गार्ड छुफूत येऊन थडकले. त्यांची पुढारी थान होउलान नावाची विद्यार्थिनी होती. त्यांनी देवळातल्या मूर्ती फोडल्या, शिळा पाडल्या, थडगी उकरली. घराण्याच्या शहात्तराव्या पिढीच्या प्रमुखाचं प्रेत बाहेर काढून विटंबलं. सहा हजारांहून जास्त वस्तू नष्ट झाल्या. पुढं १९७३-७४ मध्ये माओच्या माणसांनी कन्फ्यूशियसवर देशव्यापी टीकेची मोहीमच काढली. त्याच्या आधी, १९१९च्या चार मे चळवळीतल्या तरुणांनीही ‘कन्फ्यूशियसचं दुकान बंद करा’ असाच धोशा लावला होता. देश मागं पडला, परक्यांनी लुटला, तो या म्हाताऱ्याच्या शिकवणीपायी, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे विसाव्या शतकातला बहुतेक सगळा काळ चीनमधल्या शिकलेल्या माणसांनी कन्फ्यूशियसला शिव्या घालण्यात घालवला. आज त्याच देशात शाळेची पोरं रांगेनं त्याच्या थडग्यापुढं वाकतात. हे कसं झालं, आणि वाकणाऱ्याला नेमका कुठला कन्फ्यूशियस हवाय, या प्रश्नानं मला तेव्हापासून धरलंय.

आधी माणूस कोण ते बघू. परंपरेप्रमाणं जन्म इसवी सनपूर्व ५५१, मृत्यू ४७९. लू नावाच्या लहानशा राज्यातला. नोकरीसाठी राजांच्या दारोदार हिंडला. सल्ला ऐकणारा राजा मिळाला नाही, म्हणून शेवटी गावी परतून शिकवत बसला. हिंडता हिंडता एकदा तो शिष्यांपासून चुकला. वेशीवर उभा असलेल्या या माणसाचं वर्णन कुणीतरी शिष्यांना करून सांगितलं, त्यात ‘बेवारस कुत्र्यासारखा दिसतो’ असंही होतं. शिष्यानं ते जसंच्या तसं गुरूच्या कानावर घातलं. कन्फ्यूशियस हसला आणि म्हणाला, तेवढं मात्र खरं आहे. मला हा माणूस आवडतो तो इथं.

त्याची शिकवण म्हणजे ‘वडीलधाऱ्यांचं ऐका, राजाचं ऐका, गप्प बसा’ एवढंच आपल्यापर्यंत पोचलेलं असतं. सलोखा त्याला हवाच होता. पण तो कसला, ते त्याच काळातल्या एका गोष्टीवरून नीट कळतं. शेजारच्या छी राज्यात यान यिंग नावाचा मंत्री होता. इसवी सनपूर्व ५२२ मध्ये एकदा राजा शिकारीहून परतला तेव्हा त्याचा एक लाडका दरबारी रथ पिटाळत भेटायला आला. राजा खूश होऊन म्हणाला, माझं फक्त याच्याशी जुळतं. यान यिंगनं सुनावलं की हे जुळणं नव्हे, हा नुसता तुमच्या हो ला हो म्हणतो. मग त्यानं रश्श्याचा दाखला दिला. मासे-मटण शिजवताना पाणी लागतं, जाळ लागतो, सिरका, मीठ, आंबट बोरांसारखी फळं लागतात. आचारी एक कमी करतो, दुसरं वाढवतो, तेव्हा चव जमते. पाण्यात पाणीच ओतत बसलं तर ते कोण पिणार? राजा ‘हो’ म्हणतो त्यात जिथं ‘नाही’ आहे, तिथं मंत्र्यानं ‘नाही’ म्हटलं पाहिजे, तरच राज्याला चव. तांबडा-पांढरा रस्सा ओरपत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

यान यिंग हा काही कन्फ्यूशियसचा शिष्य नव्हे. पण कन्फ्यूशियसच्या संवादांतही हाच धागा आहे. सज्जन माणूस वेगळं मत ठेवूनही जुळवून घेतो, हलका माणूस सुरात सूर मिसळतो आणि मनातून जुळत नाही, असा त्याच्या एका वचनाचा भाव. लूच्या राजानं विचारलं, एखाद्या राज्याचा नाश होईल असं एक वाक्य असतं का? त्यावर त्याचं उत्तर साधारण असं, की आपल्या चुकीच्या बोलण्यालाही कुणी विरोध करत नाही याचाच ज्याला आनंद, त्या राजाचं राज्य बुडायला वेळ लागत नाही. हा कन्फ्यूशियस सहलीच्या माहितीफलकावर भेटत नाही.

आता सरकारचा कन्फ्यूशियस. तो परत आला तो मागच्या दारानं, एका आकड्याचा हात धरून. १९७९च्या डिसेंबरमध्ये जपानचे पंतप्रधान ओहिरा बीजिंगला गेले होते. त्यांनी डेंग शियाओपिंगना विचारलं, तुमचं आधुनिकीकरण म्हणजे नेमकं काय? डेंगनी उत्तर दिलं, शतक संपेपर्यंत माणशी हजार डॉलरच्या आसपास उत्पन्न, म्हणजे ‘श्याओखांग’. खाऊन-पिऊन सुखी घराला चिनी लोक श्याओखांग म्हणतात. हा शब्द प्राचीन ‘ली-ची’ या विधीग्रंथातला. तिथं कन्फ्यूशियसच्या तोंडी दोन काळांचं वर्णन घातलंय. पहिला ‘दाथोंग’, महाऐक्याचा. जग सगळ्यांचं, कुणी आपल्यापुरतं बघत नाही, विधवा-अनाथांना आधार आहे, रात्री दाराला कडी लावावी लागत नाही. तो काळ गेला. मग दुसरा, श्याओखांग. यात जो तो आपलं घर, आपली पोरं, आपला पैसा बघतो. राजे तटबंदी बांधतात आणि नियम-रिवाजांनी गाडा रेटतात. म्हणजे ग्रंथाप्रमाणं श्याओखांग ही खालच्या पायरीची अवस्था. डेंगनी तीच ध्येय म्हणून निवडली, आणि मला त्यात त्यांचा व्यवहारीपणा दिसतो. महाऐक्याच्या नावानं माओंनी जे प्रयोग केले ते देशानं नुकतेच भोगले होते. त्यापेक्षा कडी लावलेलं, पण पोटभर जेवणारं घर बरं.

दाथोंगचं वेड मात्र जुनं. सुन यत-सेन यांच्या नानचिंगमधल्या समाधीच्या प्रवेशद्वारावर ‘जग सर्वांचं’ या अर्थाची त्याच परिच्छेदातली अक्षरं आहेत. आणि या कल्पनेवरचं सगळ्यात अचाट पुस्तक चीनमध्ये पुरं झालंच नाही, ते झालं आपल्या दार्जिलिंगमध्ये. १८९८च्या फसलेल्या सुधारणांनंतर डोक्यावर इनाम लागलेले कांग योवेई पळून परदेशी गेले आणि १९०१ ते १९०३ या काळात दार्जिलिंगला राहिले. तिथं त्यांनी ‘दाथोंग शू’ लिहून काढलं. देश नाहीत, सैन्य नाही, स्त्री-पुरुष समान, लग्न म्हणजे मुदतीचा करार, मुलं वाढवायची सार्वजनिक संस्थांनी. आणि हे सगळं कन्फ्यूशियसच्या नावावर! पुस्तक इतकं पुढचं होतं की ते त्यांनी स्वतःच दाबून ठेवलं. पूर्ण छापलं गेलं ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९३५ साली.

डेंगच्या धोरणानं पैसा आला, पण सारखा वाटला गेला नाही. किनाऱ्यावरची शहरं कुठल्या कुठं गेली, आतली गावं तिथंच. जमिनी बळकावल्या गेल्या, कारखाने बंद पडून कामगार रस्त्यावर आले. खुद्द चीनच्या सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयानं २००५ मध्ये सार्वजनिक शांतताभंगाच्या ८७ हजार घटना मोजल्या होत्या. या पार्श्वभूमीवर अध्यक्ष हू जिंताओ यांनी सलोख्याचा नारा दिला. २००४च्या सप्टेंबरमध्ये पक्षाच्या बैठकीत ‘समाजवादी सलोख्याचा समाज’ हे शब्द आले आणि २००६च्या ऑक्टोबरमध्ये त्यावर सविस्तर ठराव झाला. कायद्याचं राज्य, न्याय, प्रामाणिकपणा, निसर्गाशी जुळवून राहणं असं बरंच काही त्यात आहे. ते वाचायला जांभया येतात. सरकारी ठराव कुठल्याही देशाचा असो, सारखाच.

पण त्याच सुमारास एक गोष्ट खरोखर घडली. १ जानेवारी २००६ पासून चीननं शेतसारा रद्द केला. चिनी इतिहासकार या साऱ्याचा आरंभ इसवी सनपूर्व ५९४ मध्ये धरतात, आणि तो झाला होता लू राज्यात, कन्फ्यूशियसच्याच मुलखात, त्याच्या जन्माआधी चाळीसेक वर्षं. त्याच्या हयातीत तिथल्या ची घराण्यानं शेतकऱ्यांवरचा बोजा आणखी वाढवला. त्यांच्या पदरी चाकरीला असलेल्या रान छ्यू या शिष्यानं वसुलीला हातभार लावला. एरवी शांत असणारा गुरू तेव्हा इतका खवळला, की हा माझा शिष्य नव्हे, ढोल बडवून याच्यावर तुटून पडा, असं त्यानं बाकीच्या पोरांना सांगितलं. त्याचा दुसरा एक शिष्य दुष्काळात लूच्या राजाला म्हणाला होता की सारा कमी करा, प्रजेपाशी पुरेसं असेल तर राजाला कमी पडेलच कसं? अडीच हजार वर्षांनी सरकारनं ते ऐकलं, आणि माझ्या मते कन्फ्यूशियसच्या नावानं आधुनिक चीननं केलेल्या सगळ्या उत्सवांपेक्षा हे एक काम त्याच्या जास्त जवळचं आहे.

हबै प्रांतातल्या एका शेतकऱ्यानं ही गोष्ट धातूत नोंदवली. तो धातूच्या ओतकामातलाही कसबी माणूस. त्यानं स्वतः ब्राँझचं ‘डिंग’ ओतलं. डिंग म्हणजे प्राचीन चीनमधलं तीन पायांचं, दोन कानांचं यज्ञपात्र. पूर्वी राजे काही मोठं घडलं की असं पात्र ओतवून त्यावर मजकूर कोरत. या गड्यानं ९९ सेंटिमीटर उंच, २५२ किलोचं पात्र ओतलं आणि त्यावर आपल्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या भरलेल्या साऱ्याची आणि तो संपल्याची हकीकत लिहिली. ते नंतर बीजिंगच्या संग्रहालयानं घेतलं. त्याचा फोटो मी मोठा करून करून पाहिलाय. अंगावर उठावाची अक्षरं असलेलं पाव टनाचं पोकळ कास्टिंग गावातल्या भट्टीत काढायचं म्हणजे काय, हे ज्याचं साच्यात गरम धातू ओतताना एकदा तरी पाणी पाणी झालंय त्यालाच कळेल. त्याला कुणी ऑर्डर दिली नव्हती.

८ ऑगस्ट २००८ च्या रात्री सलोखा साऱ्या जगानं टीव्हीवर पाहिला. बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन. झांग यिमोउ यांच्या त्या कार्यक्रमात बांबूच्या पट्ट्यांची पुस्तकं हातात घेतलेले कन्फ्यूशियसचे शिष्य मैदानात उतरले. मग छपाईच्या खिळ्यांसारखे शेकडो चौकोनी ठोकळे लाटांसारखे वरखाली होऊ लागले आणि त्यातून ‘ह’ हे अक्षर उमटलं, सलोख्याचं. सगळ्यांना वाटलं, खाली यंत्रं असणार. शेवटी ठोकळ्यांची झाकणं उघडली आणि आतून ८९७ माणसं हात हलवत बाहेर आली. माझ्यासारखा कारखानदार हे बघून थक्क होतो आणि थोडा बिचकतोही. इतकी माणसं इतकी एका चालीत! यान यिंगनं विचारलं असतं, यात आंबट कुठंय?

आंबट इंटरनेटवर होतं. सरकारला नको असलेला मजकूर पुसला जायचा तो सलोख्याच्याच नावाखाली, म्हणून पोरं म्हणू लागली, ‘माझी पोस्ट सलोखली.’ पुढं तो शब्दही अडवला जाऊ लागला, तेव्हा त्यांनी त्याच उच्चाराशी जवळीक असलेला ‘नदीतला खेकडा’ वापरायला सुरुवात केली. २०१०च्या नोव्हेंबरमध्ये चित्र-शिल्पकार आय वेईवेई यांच्या शांघायजवळच्या स्टुडिओवर पाडापाडीचा हुकूम आला. त्यांनी तिथं लोकांना खेकड्यांच्या मेजवानीचं आमंत्रण दिलं. पोलिसांनी त्यांना बीजिंगमध्ये घरातच अडकवून ठेवलं. लोक आले, खेकडे खाल्ले, गेले. पुढच्या जानेवारीत स्टुडिओ पाडला. २०११च्या अंदाजपत्रकात पोलीस, न्यायालयं, तुरुंग वगैरे मिळून सार्वजनिक सुरक्षेसाठी ६२४ अब्ज युआन धरले होते, आणि संरक्षणासाठी ६०१ अब्ज. सलोख्याचा खर्च सैन्याच्या पुढं गेला होता. आणि त्याच वर्षी २३ जुलैला वेनझोउजवळ सलोखा नावाची एक गाडी दुसऱ्या सलोख्यावर मागून आदळली. चाळीस माणसं गेली. दुसऱ्या दिवशी मोडका डबा जेसीबीनं जागच्या जागी पुरताना लोकांनी पाहिला आणि देशभर जो भडका उडाला तो आवरता आवरेना. ‘हश्ये’ या नावाची रया तिथं गेली, असं मला चिंगदाओत एकाहून जास्त माणसांनी सांगितलं. अर्थात, आवाज खाली घेऊन.

पक्षाचंही कन्फ्यूशियसबद्दल एकमत नव्हतं, याचा पुरावाही ब्राँझमध्येच आहे. २०११च्या जानेवारीत तिआनआनमेन चौकाच्या बाजूला, राष्ट्रीय संग्रहालयाच्या दाराशी कन्फ्यूशियसचा साडेनऊ मीटरचा पुतळा उभा राहिला. शिल्पकार वू वेईशान, वजन सतरा टन. समोर तिरक्या रेषेत माओंचं चित्र. जुने कम्युनिस्ट संतापले. एप्रिलच्या एका रात्री पुतळा तिथून नाहीसा झाला आणि संग्रहालयाच्या आतल्या चौकात निघाला. आधीपासून तसंच ठरलं होतं, असं सांगण्यात आलं. सतरा टनांचं कास्टिंग हलवायचं म्हणजे मोठी क्रेन, ट्रेलर, चढवणारी-बांधणारी माणसं आणि रस्ता मोकळा. चीनमधल्या सगळ्यात जास्त पहाऱ्याच्या चौकात हे सगळं गुपचूप, रातोरात होतं, याचं एक तंत्रज्ञ म्हणून मला कौतुकच वाटतं.

तोवर बाजारात कन्फ्यूशियस तेजीत आला होता. बीजिंगच्या प्राध्यापिका यू दान यांनी २००६ मध्ये सरकारी टीव्हीवर त्याच्यावर व्याख्यानं दिली आणि त्यांचं पुस्तक लाखोंनी खपलं. मन शांत ठेवा, आहे त्यात सुख माना, असा त्यांचा एकूण सूर. पुढच्याच वर्षी बीजिंग विद्यापीठाचे ली लिंग यांनी ‘बेवारस कुत्रं’ याच नावाचं पुस्तक काढून म्हटलं, हा माणूस संत नव्हता, सत्तेला जागा दाखवणारा, कुठंच न टिकलेला माणूस होता. भक्त खवळले. लिऊ शियाओबो यांनी, तेच ते पुढं तुरुंगात असताना नोबेल मिळालेले, त्यावर लेख लिहिला. मथळा असा की कालचं बेवारस कुत्रं आज दारावरचं राखणीचं कुत्रं झालंय. बोलणं टोकाचं आहे. पण एवढं खरं की सरकारला कन्फ्यूशियसच्या घरातली एकच खोली उघडायची होती.

त्या खोलीत आई-बाप बसलेले असतात. २०२० च्या जनगणनेत चीनमध्ये साठीच्या वरची माणसं २६ कोटी ४० लाख निघाली. एकुलती एक पोरं दूर शहरात. खेड्यातलं पेन्शन म्हणजे नावाला. म्हणून मातृपितृभक्तीला कायद्याचा टेकू दिला गेला. १ जुलै २०१३ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्यात, वेगळं राहणाऱ्या मुलांनी आई-वडिलांना वरचेवर भेटायला जावं किंवा ख्यालीखुशाली विचारावी, असं कलम आहे. त्याच दिवशी वूशीच्या न्यायालयानं एका मुलीला हुकूम दिला की सत्त्याहत्तर वर्षांच्या आईला दोन महिन्यांतून निदान एकदा भेटायचं. जुन्या चीनमध्ये पोरांना चोवीस आदर्श पुत्रांच्या गोष्टी सांगत. त्यातला एक पोरगा आई-बापांना डास चावू नयेत म्हणून स्वतः उघडा निजायचा. २०१२ मध्ये सरकारी महिला महासंघानं नवे चोवीस नियम काढले. त्यात आई-वडिलांना इंटरनेट शिकवा, हाही एक! आमची दुभाषी हे सांगताना हसत होती. म्हणाली, “शू-शू, इंटरनेट शिकवलं आणि आता आई दिवसाला पन्नास व्हॉइस मेसेज टाकते.” मग तिनं मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला.

शी जिनपिंग आल्यावर मात्र लपाछपी संपली. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये ते स्वतः छुफूला गेले, तिथल्या संस्थेत टेबलावरची दोन पुस्तकं उचलून नीट वाचीन म्हणाले. पुढच्या सप्टेंबरमध्ये कन्फ्यूशियसच्या २५६५व्या जयंतीला बीजिंगमध्ये त्यांचं भाषण झालं. सलोखा अजूनही यादीत आहे. २०१२ मध्ये पक्षानं ठरवलेली बारा मूल्यं आज शहरात भिंतीभिंतीवर रंगवलेली असतात. त्यात पहिलं मूल्य समृद्धी-सामर्थ्य, सलोखा चौथा. पण खरा भर आता राष्ट्राच्या पुनरुत्थानावर. हू यांच्या काळात निदान प्रश्न ‘घरात कोण उपाशी आहे’ असा होता, आता ‘आपलं घर गल्लीत किती उंच दिसतं’ असा झालाय. १ जुलै २०२१ रोजी पक्षाच्या शताब्दीला शी यांनी श्याओखांग साध्य झाल्याची घोषणा केली. त्याच्या वर्षभर आधी पंतप्रधान ली खछियांग पत्रकारांपुढं बोलून गेले होते की देशात साठ कोटी लोकांचं महिन्याचं उत्पन्न हजार युआनच्या आसपास आहे. भर पत्रकार परिषदेत, देशाचा पंतप्रधान. रश्श्यात एवढं आंबट पडलेलं मी तरी अलीकडं दुसरं पाहिलं नाही.

बाहेर जगातही कन्फ्यूशियसचं नाव फिरतंय. चिनी भाषा शिकवणाऱ्या कन्फ्यूशियस संस्था २००४ पासून निघाल्या, त्यातली एक २०१३ मध्ये मुंबई विद्यापीठातही आली. माओ संस्था काढली असती तर किती दारं उघडली असती, हा हिशोब बीजिंगनं केलेला असणारच.

आणि घरी? २०२३च्या ऑक्टोबरमध्ये हूनानच्या वाहिनीवर ‘मार्क्स कन्फ्यूशियसला भेटतो तेव्हा’ नावाची मालिका लागली. दाढीवाला मार्क्स, झग्यातला कन्फ्यूशियस, आणि दोघांचं जमतंच जमतं. मार्क्सवाद आणि चिनी परंपरा यांचा मेळ हे आता पक्षाचं अधिकृत धोरण आहे, तेव्हा न जमून सांगतात कुणाला. पण ही कल्पना जुनी आहे. १९२५ साली कवी ग्वो मोरुओ यांनी एक गोष्ट लिहिली. शांघायच्या कन्फ्यूशियस मंदिरात गुरू आणि शिष्य नैवेद्याचं डुकराच्या मुंडीचं गार मांस खात बसलेत, इतक्यात लाल पालखीतून मार्क्स येतो. बोलता बोलता दोघांच्या लक्षात येतं की आपली बरीचशी मतं एकच आहेत. ग्वो पुढं नव्या चीनच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. कन्फ्यूशियसबद्दल बरं लिहिल्याचा ठपका त्यांच्यावर खुद्द माओंनी ठेवला, आणि १९७४च्या जानेवारीत बीजिंगमधल्या एका प्रचंड सभेत त्यांचं नाव पुकारून, एक्क्याऐंशी वर्षांच्या त्या म्हाताऱ्याला सगळ्यांसमोर उभं राहायला लावलं गेलं.